ताठर हात आणि लुळा पाय: वरचा आणि खालचा मोटर न्यूरॉन

अर्धांगवायूने निकामी झालेला हात आणि पोलिओने निकामी झालेला पाय यांना एकाच माळेत ओवण्याची सवय इतकी रुळली आहे, की दोन्हींचे स्पष्टीकरण म्हणून ‘नस मेली, म्हणून स्नायू गेला’ हे एकच वाक्य सर्रास ऐकू येते. पोलिओपुरते ते चालून जाईल. अर्धांगवायूच्या बाबतीत मात्र ते साफ चूक आहे.

हालचालीचा हुकूम नेणाऱ्या चेतापेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, दोन प्रकारच्या असतात: वरचा आणि खालचा. खालचा शाळेपासून परिचयाचा आहे. त्याची पेशी मेरुरज्जूत (चेहऱ्याच्या बाबतीत मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मेरुरज्जूशी जोडणाऱ्या देठात) असते आणि अक्षतंतू थेट स्नायूपर्यंत जाऊन ॲसिटिलकोलीन हे स्नायूला आकुंचवणारे रसायन सोडतो. वरच्याची पेशी मेंदूत असते; त्याचा तंतू बहुतेक वेळा मस्तिष्कपुच्छात, म्हणजे मेंदूच्या सर्वांत खालच्या भागात, बाजू बदलून मेरुरज्जूत उतरतो आणि स्नायूला कधीच स्पर्श करत नाही. वरचा म्हणजे हाताचा आणि खालचा म्हणजे पायाचा, हा समज तर सोडूनच द्यावा, कारण पायाचा अंगठा हलवायलाही दोन्ही लागतात.

खरी गल्लत पुढे होते. वरून हुकूम येणे थांबले तर स्नायू सैल पडायला हवा, असे कोणालाही वाटेल. मग अर्धांगवायूचा हात कोपरात दुमडून, मूठ आवळून ताठ का होतो? उत्तर गुडघ्यावरच्या हातोडीत आहे. वाटीखालच्या कंडरेवर ठोका बसला की मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो, त्या ताणाची खबर मेरुरज्जूत पोहोचते, तेथील खालचा मोटर न्यूरॉन लगेच उलट संदेश पाठवतो आणि पाय उसळतो. हे सारे मेंदूला न विचारता घडते. पोलिओचा विषाणू नेमका हाच न्यूरॉन मारतो, त्यामुळे वर्तुळ तुटते, ठोक्याला उत्तर येत नाही, स्नायू लुळा पडतो आणि काही आठवड्यांत डोळ्यांदेखत बारीक होतो. स्नायूकडे जाणारा दुसरा रस्ताच नसतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी या न्यूरॉनला ‘अंतिम सामायिक मार्ग’ म्हटले ते याचसाठी. १५ वर्षांखालील मुलाला अचानक आलेला लुळेपणा पोलिओच्या पाळतीत तातडीने कळवायचा असतो, त्यामागेही हेच कारण आहे.

अर्धांगवायूत इजा मेंदूतील वरच्या न्यूरॉनांच्या वाटेला होते, ते वर्तुळ मात्र शाबूत असते. मेंदूकडून मेरुरज्जूकडे केवळ हुकूम जात नाहीत, आवरही घातला जातो, आणि आवर घालणाऱ्या वाटांपैकी बऱ्याच मस्तिष्कस्तंभातून निघतात. (सगळा दोष एकट्या पिरॅमिडल मार्गावर, म्हणजे वरच्या न्यूरॉनांच्या मेरुरज्जूत उतरणाऱ्या तंतूंच्या जुडग्यावर, टाकणारी टिपणे मला म्हणूनच पटत नाहीत, केवळ त्याला इजा झाली तर मुख्यतः अशक्तपणा येतो, ताठरपणा फारसा नाही.) आवर सुटला की जिवंत असलेला खालचा न्यूरॉन बारीकशा ताणालाही जोरदार उत्तर देऊ लागतो: ठोक्याला पाय जास्तच उसळतो आणि तळव्यावर ओरखडा काढला तर अंगठा वर वळतो. हे अंगठ्याचे लक्षण फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये नोंदवले.

त्यातही एक फसगत आहे. अर्धांगवायूचा झटका आल्यानंतरचे काही दिवस, कधी काही आठवडे, हाही हात लुळाच असतो. ताठरपणा मागाहून येतो. ‘हातात ताकद आली’ असे समजून घरची माणसे मग तो हात जोरजोरात ओढून सरळ करू पाहतात. असे मुळीच करू नये. या स्नायूचा विरोध ताणाच्या वेगाबरोबर वाढतो. झटका दिला तर तो अधिकच आवळतो आणि सावकाश ताण दिला तर बराचसा सैलावतो.

वाकड्या तोंडाबाबतही हाच घोटाळा होतो. तोंड अचानक वाकडे झाले तर घरी परीक्षा घेत न बसता तडक रुग्णालय गाठावे. तेथे डॉक्टर भुवया वर करायला सांगतात. कपाळाच्या स्नायूंना चालवणाऱ्या खालच्या न्यूरॉनांकडे मेंदूच्या दोन्ही अर्धांतून तंतू येतात, त्यामुळे एका अर्धातील इजेने ओठ ओघळला तरी कपाळावर आठ्या पडतात. बेल्स पाल्सीमध्ये मात्र चेहऱ्याची नसच बिघडलेली असल्याने त्या बाजूचे कपाळ सपाट राहते आणि डोळाही नीट मिटत नाही.