टायरवर मिलिमीटर, रिमवर इंच

'१८५/६५ आर १५ ८८ एच'. साध्या हॅचबॅकच्या टायरवरही अशी ओळ कोरलेली असते. रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूच्या रबरी भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचात, भार पेलायची क्षमता कोष्टकातल्या क्रमांकाने आणि वेग अक्षराने. कुणी एकाने बसून ठरवलं असतं तर असली खिचडी झाली नसती. पण शंभरेक वर्षांत ज्याला जी अडचण आली त्याने तेवढी भर घातली, आणि आधीचं काढून टाकायचे कष्ट मात्र फारसे कुणी घेतले नाहीत.

फोर्डच्या 'मॉडेल टी'ला '३० बाय साडेतीन'चा टायर लागे. बाहेरचा व्यास ३० इंच, रुंदी साडेतीन. रिम लिहायची गरजच नव्हती. टायरचा छेद जवळपास गोल, त्यामुळे दोन्हीकडचे साडेतीन वजा केले की २३ इंच उरायचे. १९२३च्या सुमारास जाड, कमी हवेचे 'बलून' टायर आले आणि बाहेरच्या व्यासाऐवजी रुंदी आणि रिम लिहिण्याची रीत रुळली. आपल्याकडची अँबॅसेडरची ५.९०-१५ किंवा पद्मिनीची ५.२०-१४ ही मापं त्याच घराण्यातली. उंची लिहीत नसत, कारण ती रुंदीच्या आसपासच असे.

भाराचा हिशेब तेव्हा प्लायवर चाले. सुती कापडाचे थर जितके जास्त तितका टायर दणकट. पुढे रेयॉन आणि नायलॉन आलं, कमी थरांत तेवढीच ताकद मिळू लागली, तरी मोजायची पद्धत तीच राहिली. '१६ पीआर' (प्लाय रेटिंग) लिहिलेल्या टायरात सोळा थर असतीलच असं म्हणूनच नाही.

मोठी उलथापालथ मिशलँने केली. १९४६ साली रेडियल टायरचं पेटंट आणि १९४९ला विक्री. यात थरांचे धागे तिरपे न जाता टायरच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात; वरच्या ओळीतला 'आर' तो हाच. कंपनी फ्रेंच, त्यामुळे मोजणी मेट्रिक. सित्रोएन '२सीव्ही'चा टायर १२५-४००, म्हणजे रिमसुद्धा मिलिमीटरमध्ये! बाकीच्या उत्पादकांनी रेडियल उचलला, रुंदी मिलिमीटरमध्ये घेतली, पण रिम इंचातच ठेवली. १९७५मध्ये मिशलँने पुन्हा जोर लावला. 'टीआरएक्स' टायरसाठी ३९० मिलिमीटरसारख्या मापांच्या खास रिम काढल्या. त्यांवर नेहमीचा टायर बसेना, गाडीमालक एकाच महागड्या टायरला बांधला गेला आणि ती पद्धत मागे पडली. आजही तशा जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांना टायर घेताना खिसा मोकळा करावा लागतो. आपल्याकडे जेके टायरने कारसाठी रेडियल आणला तो १९७७ला.

वेगाच्या अक्षरांची गंमत वेगळी. एस, टी, यू आणि मग एकदम एच! युरोपात सुरुवातीला मुख्य वर्ग तीनच होते. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे त्याच्यावर. नंतर मधल्या वेगांना टी (१९०) आणि यू (२००) दिले, व्हीला २४०ची मर्यादा घातली, पण एच आपल्या जागेवरून हलला नाही. जुन्या टायरवर हे अक्षर मापाच्या पोटात, '१८५/७० एचआर १४' असं असे. पुढे ते भारांकासोबत, म्हणजे भारक्षमतेच्या क्रमांकासोबत, शेवटी गेलं.

हा भारांक दुकानात सर्वात कमी विचारला जातो, आणि माझ्या मते तोच आधी पाहायला हवा. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो. वर दिलेला टायर काढून रुंद टायर घालायचा म्हटलं, तर १९५/६० आर १५ आणि १९५/५५ आर १५ रॅकवर शेजारी ठेवले की सारखेच वाटतात. पहिल्याचा व्यास मूळच्या ६२१.५ मिलिमीटरऐवजी ६१५ येतो आणि भारांक साधारणपणे ८८च राहतो. दुसऱ्याचा व्यास ५९५.५ भरतो. मूळ टायरशी जुळलेला स्पीडोमीटर मग खऱ्या १००ला १०४च्या पुढे दाखवतो. शिवाय त्याचा नेहमीचा भारांक ८५, म्हणजे ५१५ किलो. चार चाकांचे मिळून १८० किलो कमी झाले. मागे सामान आणि पाच माणसं बसवून घाट चढताना हा फरक चेष्टेवारी नेण्यासारखा नाही.

काही टायरवर दिसणारा 'ट्रेडवेअर ४००', म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा, ही भर अमेरिकेची. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या रस्त्यांवर ७,२०० मैल गाडी पळवून झीज मोजतात, पण टायरला आकडा कंपनीच देते. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

भारतात टायरच्या गुणवत्तेसाठी बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) प्रमाणपत्र सक्तीचं करणारा आदेश २००९चा. वर्षातले चार महिने ओल्या रस्त्यांवर गाड्या चालवणाऱ्या या देशात ओल्या रस्त्यावरची पकड, लोळण-रोध (चाक फिरताना टायरमुळे होणारा विरोध) आणि आवाज हे तीन निकष नियमात यायला मात्र २०२२ उजाडलं.