इफा: 256 खणांचं पाठांतर

नैर्ऋत्य नायजेरिया आणि शेजारच्या बेनिनमधले योरुबा लोक पेचात सापडले, की त्यांच्यातले कित्येक जण आजही बाबालावोकडे, म्हणजे इफा या कौलविद्येच्या पुजाऱ्याकडे, कौल लावायला जातात. हा कौल ओरुन्मिला या ज्ञानदेवतेचा. गंमत अशी, की रीतीप्रमाणे प्रश्न पुजाऱ्याला सांगायचाच नसतो. तो नाण्यापाशी पुटपुटायचा आणि नाणं पुढ्यात ठेवायचं.

पुजाऱ्यासमोर कोरीव लाकडी तबक असतं. काठावर एशू या निरोप्या देवाचा चेहरा, मधे लाकडाची बारीक भुकटी पसरलेली. तेलताडाच्या 16 बिया एका हातात धरून दुसऱ्या हाताने झडप घालून जमतील तेवढ्या उचलायच्या. मागे दोन उरल्या तर भुकटीत बोटाने एक रेघ, एकच उरली तर दोन रेघा. याहून जास्त उरल्या किंवा काहीच उरलं नाही, तर डाव बाद, पुन्हा झडप. अशा आठ खुणा झाल्या की चार-चारच्या दोन उभ्या रांगा तयार होतात. घाई असेल तर ओपेले नावाची साखळी आहेच. तिच्यात आठ अर्धी टरफलं ओवलेली असतात. एकदा टाकली की उताणी-पालथी पाहून आठही खुणा मिळतात.

प्रत्येक जागी दोनच शक्यता, म्हणून चार जागांचे 16 प्रकार आणि आठ जागांचे 256. शाळेत वृत्तं शिकलेल्यांना हा हिशेब परका वाटू नये: आठ अक्षरी चरणात लघु-गुरूच्या मांडण्याही 256च होतात. इफातल्या प्रत्येक मांडणीला ओडू म्हणतात आणि प्रत्येकीला स्वतंत्र नाव आहे. सगळ्या एकेरी रेघा आल्या तर एजी ओग्बे, सर्वांत ज्येष्ठ. सगळ्या दुहेरी आल्या तर ओयेकू मेजी.

संगणकही 0 आणि 1 या दोनच खुणांवर चालतो, यावरून ‘योरुबांनी संगणक आधीच शोधला होता’ असं कुणी कुणी लिहितात. मला ते पटत नाही. बाबालावो या खुणांनी बेरीज-वजाबाकी करत नाही. त्याच्या लेखी ओडू म्हणजे पत्ता, आणि खरी दौलत त्या पत्त्यावर आहे.

प्रत्येक ओडूखाली एसे नावाची पदं येतात. पूर्वी अमक्या बाबालावोने अमक्यासाठी कौल लावला, त्याला अमुक अर्पण करायला सांगितलं, त्याने ते केलं किंवा टाळलं, मग काय झालं, अशी त्यांची साधारण घडण. पुजारी एकामागून एक पदं म्हणत जातो आणि आपल्या अडचणीशी जुळणारं पद समोरचा माणूस स्वतः निवडतो. प्रश्न न विचारता उत्तर कसं मिळतं, याचं बरंचसं इंगित मला इथेच दिसतं. प्रत्येक ओडूची चारच पदं धरली तरी 1024 होतात, आणि परंपरेने ती सगळी तोंडपाठच हवीत. म्हणून शिकायला वर्षानुवर्षं जातात. युनेस्कोने 2005 मध्ये इफाला मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशातली श्रेष्ठ कृती ठरवलं, ते योग्यच झालं.

16 आकृत्या आणि प्रत्येकीत चार ओळी, ही रचना अरबी रमलविद्येतही आहे. तीच विद्या आपल्याकडे रमलशास्त्र म्हणून आली. मात्र इफातला पदांचा हा पसारा योरुबांचा स्वतःचा. गुलाम म्हणून अटलांटिकपार नेलेल्यांबरोबर तो क्युबात पोचला. तिथले बाबालावो ओडूंची माहिती वह्यांत उतरवून ठेवू लागले, पण 256 ओडू तेवढेच राहिले.