नेम हरवला म्हणजे मन कच्चं?

बेसबॉलमधला जुना समज: अचानक नेम हरवणारा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) मनाने कच्चा, आणि मानसिक सराव अशांसाठीच. हे साफ चूक आहे. रिक अँकिएल हा पिचर घ्या. २००० साली, वयाच्या २१व्या वर्षी, सेंट लुइस कार्डिनल्स संघाकडून प्लेऑफच्या एकाच इनिंगमध्ये त्याचे ५ चेंडू कॅचरला (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याला) अडवता न येण्याइतके भरकटले. भित्रा असता तर २००७मध्ये आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) म्हणून परतला असता का? आणि परतल्याच सामन्यात होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) ठोकला! होतं असं, की हजारदा फेकून अंगवळणी पडलेली क्रिया मन मध्येच तपासू लागतं आणि बोटांतून चेंडू किंचित लवकर किंवा उशिरा सुटतो. म्हणून दोन चेंडूंच्या मध्ये सावकाश श्वास सोडायचा, नजर कॅचरच्या ग्लोव्हवर रोखायची. खांद्याच्या व्यायामासारखंच हे रोज, नेम शाबूत असतानाच करायला हवं.