टिनिटसचा क्लेम डिनाय झालाय? फॉर्म पाठवायच्या आधी हे वाचा

कानातल्या आवाजाचा क्लेम डिनाय झाला, आता काय करायचं, हा फोन आम्हाला इतक्यांदा येतो की शेवटी लिहूनच ठेवलं. व्हीए म्हणजे अमेरिकेचं माजी सैनिकांचं खातं, सी अँड पी एग्झाम म्हणजे क्लेमसाठी व्हीए करवून घेते ती वैद्यकीय तपासणी, आणि रेटिंग म्हणजे त्रासाची टक्केवारी, जिच्यावर महिन्याचे पैसे ठरतात.

गडबड बहुतेक वेळा एग्झामच्या खोलीत होते. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान तपासणारे, विचारतात, आवाज कधीपासून येतोय? आणि आपला माणूस सहज बोलून जातो, "झाली असतील आठदहा वर्षं". सर्व्हिस, म्हणजे सैन्यातली नोकरी, सोडून वीस वर्षं झालेली असतात. त्याला म्हणायचं असतं की आठदहा वर्षांत त्रास एवढा वाढलाय की झोप लागत नाही, पण रिपोर्टमध्ये सुरुवातच आठदहा वर्षांपूर्वीची लागते आणि सर्व्हिसशी संबंध नाही म्हणून डिनायल येतं. फ्लाइट लाइनवर जेट इंजिनांशेजारी चार वर्षं काढलेल्या माणसाचंही हेच होतं. कुठल्या कामात आवाजाचा धोका किती याची यादी व्हीएकडे असते, त्यात त्याचं काम वरच्या गटात असलं तरी "कधीपासून"चं उत्तर आड येतं.

आता खरी महाग पडणारी चूक सांगतो. लेटर आल्यावर घरात चिडचिड होते, मग बायको एक छान स्टेटमेंट लिहिते, की लग्न झाल्यापासून हे पंखा लावल्याशिवाय झोपत नाहीत, शांत खोलीत कानात रातकिडे ओरडतात म्हणतात. अगदी असाच कागद हवा असतो! पण तो जोडला जातो फॉर्म २०-०९९६ ला, म्हणजे हायर लेव्हल रिव्ह्यूला, कारण नाव ऐकून वाटतं वरचा साहेब बघेल तर न्याय मिळेल. वरचा साहेब बघतो, पण पहिला निकाल लागला तेव्हा फाइलमध्ये जे होतं तेवढंच बघतो, नवा कागद त्याला नियमानेच विचारात घेता येत नाही. व्हीएचं स्वतःचं टार्गेट सरासरी १२५ दिवसांचं आहे, म्हणजे चार महिने थांबून पुन्हा तोच नकार, आणि मग आम्ही तेच स्टेटमेंट घेऊन सप्लिमेंटल क्लेम, फॉर्म २०-०९९५, भरतो, जो पहिल्याच दिवशी भरता आला असता. नवा आणि मुद्द्याचा पुरावा असेल तर रस्ता हाच.

हायर लेव्हल रिव्ह्यू वाईट नाही, आम्हीही करतो. फाइलमध्ये सगळं होतं आणि तपासणाऱ्यानेच दुर्लक्ष केलं, उदाहरणार्थ डिस्चार्जच्या वेळी ऐकू नीट येत होतं एवढ्याच कारणावर टिनिटस नाकारलं आणि तुमच्या सांगण्याचा विचारच केला नाही, तर तिथे तो चालतो. कानात वाजतंय हे ज्याचं त्यालाच कळतं, मशीनवर दिसत नाही, आणि ते सांगायला साधा माणूस सक्षम आहे हे व्हेटरन्स कोर्टाने २००२ मध्येच चार्ल्स विरुद्ध प्रिन्सिपी या केसमध्ये मान्य केलंय. व्हीएच्या अपील बोर्डाकडे जायचा तिसरा मार्गही आहे, फॉर्म १०१८२, त्याबद्दल फोनवर बोलू, टिनिटससाठी सहसा तिथून सुरुवात करायची गरज पडत नाही.

कुठलाही मार्ग घ्या, लेटरच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत घ्या. त्या वर्षात फाइल केलं आणि जिंकलात तर पैसे साधारणपणे मूळ क्लेमच्या तारखेपासून धरले जातात. वर्ष उलटलं तर सप्लिमेंटल तेव्हाही भरता येतो, पण मागची थकबाकी बहुतेक जाते. आमच्याकडे अकराव्या महिन्यात येणारे खूप, कृपा करून दुसऱ्या महिन्यात या.

दोन्ही कानांत वाजतं म्हणून डबल रेटिंग मिळत नाही. एक कान असो वा दोन, व्हीएच्या रेटिंग यादीतल्या टिनिटसच्या कोड ६२६० खाली १० टक्केच, फेडरल सर्किट या अपील कोर्टाने २००६ मध्ये हे पक्कं केलं. २०२५ मध्ये त्याचे महिना १७५.५१ डॉलर मिळायचे. एवढ्यासाठी कशाला भांडायचं असं काहीजण म्हणतात, आम्हाला ते पटत नाही, कारण टिनिटस एकदा सर्व्हिस कनेक्टेड, म्हणजे सर्व्हिसशी जोडलेलं, ठरलं की त्यामुळे झालेल्या डिप्रेशनसारख्या त्रासाचा सेकंडरी क्लेम उभा करता येतो, अर्थात डॉक्टरचं मत लागतंच.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पहिल्या क्लेमसाठी आम्ही काही घेत नाही, मान्यताप्राप्त एजंट किंवा वकिलाला कायद्याने घेताच येत नाही, कोणी मागत असेल तर लांब राहा. पहिल्या निकालानंतरच्या कामाची फी जिंकलो तरच, थकबाकीच्या २० टक्के. व्हेटरन संघटना हेच काम फुकट करतात, त्यांच्याकडे जमत असेल तर जरूर जा. आमच्याकडे मराठीत बसून बोलता येतं आणि घरच्यांचं स्टेटमेंट नीट होतं, त्यासाठीच लोक येतात.

आम्ही फार प्रश्न विचारतो अशी तक्रार असते. विचारतो, कारण छापील नमुन्यातलं स्टेटमेंट कुणालाच पटत नाही, आणि तारीख आम्ही तुमच्या तोंडी घालणार नाही. पहिल्यांदा कुठे जाणवलं, रेंजवर, जनरेटरपाशी की बराकीत रात्री, ते तुम्हीच आठवायचं. नेमकी तारीख आठवत नसेल तर "सर्व्हिसमध्ये असतानाच, अमुक पोस्टिंगला" एवढं खरं असेल तर तेवढंच लिहू.

येताना डिनायल लेटर पूर्ण आणा, नुसतं पहिलं पान नको, कारणं आतल्या पानांत असतात. सोबत डीडी २१४, म्हणजे सर्व्हिस सोडतानाचा डिस्चार्जचा कागद, आणि एग्झामचा रिपोर्ट, नसेल तर तो आम्ही मागवतो. आणि तोपर्यंत २०-०९९६ वर सही करू नका.