विज्ञानकल्पित चित्रपुस्तके आणि बालवर्ग

विज्ञानकल्पनेवर रचलेली चित्रपुस्तके साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांसोबत वर्गात वाचणे, त्यांवर गप्पा मारणे आणि त्यातून चित्रे, खेळ, छोटे प्रयोग यांकडे वळणे, अशी ही शिकवण्याची पद्धत आहे. परग्रहवासी, यंत्रमानव, अंतराळवीर ही या पुस्तकांतली नेहमीची पात्रे. पण पानावर यान दिसले म्हणून पुस्तक विज्ञानकथा ठरत नाही. परीकथेतला गालिचा कसा उडतो हे कोणी विचारत नाही. जादू म्हटले की विषय संपतो. विज्ञानकथेत मात्र घडणाऱ्या गोष्टीला काही कारण आहे आणि ते शोधता येईल, असे धरलेले असते. वर्गासाठी पुस्तक निवडताना हाच निकष लावावा. मुलांनी ‘असं कसं झालं?’ असे विचारले आणि उत्तराचा धागा पुस्तकातच सापडला, तर ते पुस्तक कामाचे.

विज्ञानकथा हे थोरांचे, फार तर कुमारांचे वाङ्मय आहे, लहानांना ते झेपणार नाही, हा समज जुना आहे. आधी विज्ञान कळायला हवे, मग कल्पना, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. अमेरिकी अभ्यासक एमिली मिडकिफ यांनी ‘इक्विपिंग स्पेस कॅडेट्स’ (2022) या ग्रंथात तो खोडून काढला. लहान मुलांसाठीच्या विज्ञानकथेला स्वतःचे रूप आणि स्वतःचे वाचक आहेत, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या पद्धतीला सर्वांत भक्कम आधार बालमानसशास्त्रातून मिळतो. मारिया डायस आणि पॉल हॅरिस यांनी 1988 व 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चार ते सहा वर्षांच्या मुलांना ‘सगळी मांजरं भुंकतात, रेक्स हे मांजर आहे, मग रेक्स भुंकतो का?’ अशा धर्तीचे प्रश्न घातले. सरळ विचारले तेव्हा मुले रोजच्या अनुभवाला धरून ‘नाही’ म्हणत. पण ही गोष्ट दूरच्या एका ग्रहावरची आहे असे सांगितले, किंवा लुटुपुटुच्या सुरात विचारले, की दिलेला नियम धरून मुले ‘हो’ म्हणू लागली आणि त्याचे कारणही त्या नियमातूनच देऊ लागली. न पटणारे गृहीतक क्षणभर मान्य करून त्यातून बरोबर निष्कर्ष काढणे हे पुढे गणितात आणि विज्ञानात पदोपदी लागते. ती क्षमता पहिलीच्या आधीच मुलांकडे असते, फक्त तिला वाव देणारी जागा हवी असते. परग्रहाची गोष्ट ही अशी जागा आहे.

म्हणूनच गोष्ट ऐन रंगात असताना ‘हे खरं नसतं हं’ असे सांगून शिक्षकाने मुलांना जमिनीवर आणणे, ही या पद्धतीतली सर्वांत घातक सवय म्हणावी लागेल. ‘या ग्रहावर असं चालतं, मग आता काय होईल?’ असे विचारले तर मूल विचारात पडते. ‘खरं की खोटं?’ असे विचारले की ते शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघू लागते.

प्रत्यक्ष वर्गात हे कसे चालते हे जॉन हेअर यांच्या ‘फील्ड ट्रिप टू द मून’ (2019) या शब्दविरहित पुस्तकावरून नीट कळते. शाळेची सहल पिवळ्या यानातून चंद्रावर जाते. एक मूल खडूंनी पृथ्वीचे चित्र काढता काढता झोपी जाते आणि मागे राहते. मग चंद्राच्या मातीतून राखाडी रंगाचे जीव वर येतात; मूल त्यांना आपले रंगखडू देते. पुस्तकात मजकूर नाही, त्यामुळे अजून वाचता न येणारे मूलही बरोबरीने बोलू शकते. सगळ्यांच्या काचा लावलेल्या शिरस्त्राणांमुळे चेहरे दिसत नाहीत. तेव्हा मूल घाबरले आहे की मजेत आहे, हे खांदे, हात आणि उभे राहण्याची ढब पाहून ठरवावे लागते. परतीच्या प्रवासात मुलाकडे एकच, राखाडी खडू उरलेला असतो. तो एकच का उरला, हे मुलांना विचारावे आणि थांबावे. त्या जिवांना आपल्या जगात नसलेले रंगच हवेसे वाटले, इथपर्यंत मुले स्वतः पोचतात. इथे कोणी काही शिकवलेले नसते. पुराव्यावरून अनुमान काढण्याचा पहिला धडा मात्र झालेला असतो. त्याच पानांवरून चंद्रावर उडी एवढी उंच का जाते, हाक मारली तर ऐकू येईल का, हे प्रश्न निघतात. चंद्राचे गुरुत्व पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश आहे आणि तिथे आवाज वाहून नेणारी हवा नाही, ही माहिती तेव्हा द्यावी, कारण तेव्हा ती मुलांनीच मागितलेली असते.

वाचताना वापरायच्या दोन रीती अनेक शिक्षकांच्या परिचयाच्या आहेत. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये मांडलेल्या संवादी वाचनात मोठ्याने वाचून दाखवण्याऐवजी मुलाला बोलते करायचे, त्याच्या उत्तरात थोडी भर घालायची आणि ते पुन्हा त्याच्याकडून वदवून घ्यायचे असते. मूळ अभ्यास घरी, आईवडिलांबरोबर झाला; पुढे ही रीत बालवर्गांत आली. दुसरी रीत अ‍ॅबिगेल हाउसेन व फिलिप येनावाइन यांची, कलादालनांतून आलेली. चित्रात काय चालले आहे, असे तुला कशावरून वाटले आणि आणखी काय सापडते, एवढेच तीन प्रश्न. विज्ञानकथेसाठी मधला प्रश्न सोन्यासारखा आहे.

यंत्रमानवाच्या गोष्टी पहिली-दुसरीच्या सजीव-निर्जीव या पाठाला थेट भिडतात. एमी डिकमन यांच्या ‘बॉय + बॉट’ (2012) मध्ये यंत्रमानव बंद पडतो तेव्हा मुलाला तो आजारी वाटतो आणि तो त्याला खाऊ भरवतो. मूल झोपते तेव्हा यंत्रमानवाला ते बंद पडल्यासारखे वाटते आणि तो त्याला तेल पाजू बघतो. दोघेही आपापल्या अनुभवावरून दुसऱ्याचे निदान करतात आणि दोघेही चुकतात. भारतीय वर्गाला हीच गोष्ट 2023 मध्ये खरोखरच भेटली. चांद्रयान 3 चे अवतरण 23 ऑगस्टला कित्येक शाळांत थेट दाखवले गेले. सहा चाकांची, 26 किलो वजनाची प्रज्ञान बग्गी 2 सप्टेंबरला निद्रावस्थेत गेली आणि चंद्रावरची रात्र सरल्यावरही जागी झाली नाही. ती झोपली, बंद पडली की मेली, यावर सहा वर्षांच्या मुलांना वाद घालू द्यावा. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू असतो, हृदय चालू असते; बग्गीचे काय चालू होते? सजीवांची लक्षणे पाठ करून घेण्यापेक्षा हा वाद कितीतरी पुढे नेतो.

चित्र आणि शब्द यांच्यातली फट हे चित्रपुस्तकाचे खास बलस्थान. जॉन एजी यांच्या ‘लाइफ ऑन मार्स’ (2017) मध्ये भेट म्हणून केकचा खोका घेऊन मंगळावर गेलेला मुलगा जीवसृष्टी शोधतो आणि त्याला काही दिसत नाही. त्याच्या मागून फिरणारा भलामोठा जीव वाचकाला मात्र दिसत असतो. निवेदक सांगतो ते सगळे खरे मानू नये, स्वतः पाहावे, हे मुले इथे ओरडून ओरडून शिकतात. डेव्हिड विस्नर यांच्या ‘मिस्टर वफल्स!’ (2013) मधले चिमुकले परग्रहवासी भौमितिक चिन्हांत बोलतात. त्यांचे बोलणे ओळखायचा खेळ बहुभाषिक वर्गात फार चांगला रंगतो: घरी पावरी, कातकरी किंवा गोंडी बोलणारे मूल आणि प्रमाण मराठी बोलणारे मूल या चिन्हांपुढे सारखेच नवखे असते.

चित्रांच्या मर्यादाही ओळखाव्यात. पृथ्वी गोल आहे असे म्हणणाऱ्या मुलांच्या मनात प्रत्यक्षात सपाट तबकडी किंवा पोकळ चेंडू असू शकतो, हे स्टेला वोस्निआडू व विल्यम ब्रूअर यांनी 1992 मध्ये दाखवले. हैदराबादच्या पहिली व तिसरीच्या मुलांवरील 1996 च्या अभ्यासात पाण्याने आधार दिलेली पृथ्वी कित्येक मुलांनी वर्णिली. अवकाशातून दिसणारी पृथ्वी पानावर दाखवल्याने ही धारणा आपोआप बदलत नाही. पण मुलाने चंद्रावरून दिसणारे आपले गाव काढले, की त्याच्या मनातली पृथ्वी शिक्षकाला दिसते. गोष्ट संपल्यावर, दुसऱ्या दिवशी, पुस्तकातल्या गोष्टी ‘आज जमतं’, ‘अजून जमलं नाही’ आणि ‘जमेलसं वाटत नाही’ अशा तीन ढिगांत लावायला सांगाव्यात. दुसरा आणि तिसरा ढीग यांच्यातली हद्द ठरवताना वर्गात जी भांडणे होतात, ती मिटवण्याची घाई करू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत स्तर एकसंध मानल्यामुळे बालवाडी ते दुसरीच्या वर्गांत अशा वाचनाला अधिकृत जागा मिळाली आहे. मराठीची अडचण पुस्तकांची आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धांनी आणि जयंत नारळीकरांसारख्या लेखकांनी विज्ञानकथेची मजबूत परंपरा उभी केली, पण ती मोठ्यांची आणि कुमारांची, आणि मुख्यतः शब्दांची. लहानांसाठी मूळ मराठीत लिहिलेल्या, चित्रांच्या अंगाने सांगितलेल्या विज्ञानकथा फारच थोड्या आहेत, आणि ही उणीव चित्रकार व प्रकाशकांनी मनावर घ्यायला हवी. तोवर शब्दविरहित पुस्तके कोणत्याही भाषेत चालतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या 2015 पासूनच्या मुक्त व्यासपीठावर वाचनपातळीनुसार लावलेली मराठी पुस्तके आहेत; ती छापून घ्यायला आणि भाषांतर करायला परवानगी आहे. मोठ्या पटाच्या वर्गात एकच प्रत असेल तर पाने पडद्यावर दाखवावीत, मात्र दर पानाला मुलांना जवळ येऊन बोट ठेवू द्यावे. आणि एका कोऱ्या कागदाला घड्या घालून, मध्ये एक काप देऊन आठ पानांचे पुस्तक होते. त्यात मुलांनी आपल्या ग्रहाचा एक नियम ठरवून गोष्ट काढली, की वाचन कोपऱ्यात ठेवायला वर्गाची स्वतःची विज्ञानकथा तयार होते.