डिंगीचं इंजिन बोटीवर घेताना आणि उतरवताना

आमच्याकडून मागच्या कठड्याची क्रेन, कप्पीसंच किंवा इंजिनाचा पट्टा घेणाऱ्या ग्राहकांसाठी

आउटबोर्ड, म्हणजे डिंगीच्या (बोटीसोबतच्या छोट्या होडीच्या) मागच्या फळीला लागणारं इंजिन, पाण्यात पडायची वेळ ठरलेली असते: ते फळीला धरणाऱ्या क्लॅम्पचे स्क्रू सुटलेले आहेत आणि दोरावर अजून वजन आलेलं नाही. पुढे लिहिलेला सगळा क्रम त्यामुळे एकाच नियमावर बसवला आहे. नवी पकड वजन घेईपर्यंत जुनी सोडायची नाही. बोटीवर तुम्ही स्वतः असा किंवा तुमचा खलाशी, हे पत्रक एकदा दोघांनी मिळून वाचा आणि पहिली उचल शांत पाण्यात करा.

वजन आणि जोर

2.5 एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण 14 ते 18 किलोचं असतं. 4 ते 6 एचपीची 24 ते 28 किलोंच्या आसपास आणि 8 ते 9.9 एचपीची 37 ते 45 किलोंपर्यंत जातात. माहितीपुस्तिकेतला आकडा बहुधा कोरड्या इंजिनाचा असतो, त्यात तेल आणि टाकीतलं पेट्रोल वेगळं धरावं लागतं. 17 किलोचं इंजिन जमिनीवरून कोणीही उचलेल. पण डिंगीत बसून, हात पुढे लांबवून, तेच इंजिन डोक्याच्या उंचीपर्यंत द्यायचं म्हटलं की कंबर धरते आणि डिंगी मागे सरकते. म्हणून इंजिन लहान असलं तरी दोर लावा.

आमच्या संचात वर दोन चाकांची कप्पी, खाली दोन चाकांची कप्पी आणि 8 मिमीचा विणीचा पॉलिस्टर दोर आहे. यात चारास एक असा फायदा मिळतो. 28 किलोंच्या इंजिनाला हिशेबाने 7 किलोंची ओढ पुरावी, चाकांच्या घर्षणामुळे ती प्रत्यक्षात 9 किलोंच्या आसपास लागते. 6 मिमीचा दोरही हे वजन सहज पेलतो, पण ओल्या हाताला तो कापतो आणि निसटतो, म्हणून आम्ही देत नाही. इंजिन 1 मीटर वर यायला 4 मीटर दोर ओढावा लागतो. क्रेनच्या टोकापासून डिंगीपर्यंत अडीच मीटर अंतर असेल तर 10 मीटर कप्प्यांमध्ये जातो आणि हातात 3 मीटर उरायला हवा. एकूण 13 मीटर. दोर तोकडा पडला तर ते नेमकं इंजिन डिंगीवर टेकायच्या आधी कळतं.

दोराच्या मोकळ्या टोकाला कधीही गाठीशिवाय ठेवू नका. आठाची गाठ मारा, म्हणजे टोक कप्पीतून निसटून जाणार नाही.

क्रेनचा खांब नुसता कठड्याच्या नळीला दोन पकडींनी बांधला की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. हिशेब करून पाहा. हात 60 सेंमी बाहेर आहे आणि टोकाला 30 किलो लटकले आहेत. दोन पकडी एकमेकींपासून 50 सेंमीवर असतील तर प्रत्येक पकडीवर आडवा जोर 36 किलोंचा येतो. त्याच पकडी 25 सेंमीवर बसवल्या तर तो 72 किलो होतो. बोट हेलकावली, दोराला हिसका बसला, की याच्या दुप्पट सहज. कठड्याची 25 मिमीची पातळ नळी असा जोर वारंवार सोसत नाही, ती वेल्डिंगजवळ तडकते. म्हणून आमच्या खांबाचा तळ डेकवर बसतो आणि डेकखालून 6 मिमीची ॲल्युमिनियमची पट्टी लागते. ती पट्टी वगळून क्रेन बसवून द्या असा आग्रह कृपया करू नका.

पट्टा कुठे बसतो

इंजिनाला पुढे उचलायची मूठ असते. ती हाताने नेण्यासाठी आहे. तिला हूक लावला तर इंजिन तिरकं लटकतं, क्लॅम्पचे जबडे डिंगीच्या मागच्या फळीला वाकडे येतात आणि खालचा माणूस ते सरळ करायला उभा राहतो. वरच्या प्लास्टिकच्या टोपीला किंवा तिच्या खिटीला तर दोर कधीच बांधू नका. टोपी सुटते आणि इंजिन तिच्यातून निघून जातं.

आमचा पट्टा 50 मिमी रुंदीचा आहे. एक फेरा टोपीच्या खाली, इंजिनाच्या मानेभोवती जातो. दुसरा क्लॅम्पच्या कमानीखालून येऊन वरच्या कडीला मिळतो. कडी वजनाच्या मध्यावर आली की इंजिन सरळ लटकतं. पहिल्यांदा बसवताना किनाऱ्यावर स्टँडवरून दोन इंच उचलून पाहा. खालचा पाय मागे झुकत असेल तर पुढचा बकल एक घर आवळा, पुढे झुकत असेल तर सैल करा. एकदा जमलं की बकलवर रंगाची खूण करा. पट्टा इंजिनावरच राहू द्या, रोज काढघाल नको.

कडीला लावायचा हूक वजनाचा आकडा कोरलेला असावा. किल्ल्यांच्या जुडग्याचे रंगीत हूक दिसायला तसेच असतात, त्यांचा भरवसा नाही. शॅकल (पिनेने बंद होणारी धातूची कडी) वापरत असाल तर पिन तारेने बांधून टाका.

वेळ निवडणं

गोव्यात हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळचं पाणी बहुधा शांत असतं, दुपारनंतर वायव्येचं वारं चढतं. जमलं तर इंजिनाची उचल सकाळीच उरका. दुपारी ओहोटी चालू असेल तर मांडवीत एक खास अडचण येते. पाणी पश्चिमेला समुद्राकडे धावतं, बोट नाळ (पुढचं टोक) पूर्वेला करून प्रवाहाला लागते, आणि वारं व लाटा समुद्राकडून सरळ मागच्या बाजूवर येतात. डिंगी मागे बांधलेली असेल तर ती बोटीच्या मागच्या फुगवट्याखाली घुसते आणि खालून वर आपटते. इंजिन अर्ध्यावर लटकलेलं असताना हे झालं तर इंजिनाचा पाय, डिंगीची हवा भरलेली रबरी नळी किंवा कोणाचा तरी हात यांपैकी काहीतरी सापडतं. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हा प्रकार जास्त. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असतो. पर्याय दोन: पाणी बदलेपर्यंत थांबा, किंवा डिंगी मागे न ठेवता बाजूला घ्या आणि क्रेनचा हात बाजूला फिरवा. आमची क्रेन पूर्ण गोल फिरते ती याचसाठी.

बार्ज किंवा मोठी पर्यटक बोट जाताना दिसली तर तिच्या लाटा येऊन जाईपर्यंत इंजिन जिथे पक्कं आहे तिथेच राहू द्या. लाट पोचायला वेळ लागतो, बोट पुढे गेली म्हणून लगेच सुरुवात करू नका.

डिंगीवरून वर घेताना

डिंगी दोन दोरांनी बांधा, एक नाळेला आणि एक मागे. एकाच दोरावर ती फिरत राहते. मध्ये दोन फेंडर (धक्का झेलणाऱ्या उशा) सोडा. डिंगीतल्या माणसाने लाइफ जॅकेट घालावं आणि मधल्या फळीवर बसूनच काम करावं.

इंजिन बंद करून पेट्रोलचा कॉक बंद करा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू आवळा, नाहीतर उचलताना पेट्रोल ठिबकतं आणि डेकवर येतं. बाहेरची टाकी असेल तर पाइप इंजिनाकडून काढा. किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून वर द्या. इंजिन सरळ खाली करून ठेवा आणि फिरण्याचा घट्टपणा वाढवा, म्हणजे लटकताना ते आपोआप वळणार नाही.

आता सुरक्षेचा दोर. हा उचलायच्या दोरापेक्षा वेगळा, एक टोक इंजिनाच्या कमानीला आणि दुसरं बोटीवरच्या क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला). इंजिन डिंगीत बसलेलं असतानाच तो बांधायचा. लांबी इतकीच ठेवा की इंजिन सुटलं तर ते पाण्याखाली हातभर गेलं तरी तळाला जाणार नाही. त्यानंतर हूक लावा आणि वरच्या माणसाने दोर ओढून ताण आणावा. डिंगीची मागची फळी किंचित वर आलेली दिसली की वजन दोरावर आलं. तेव्हाच, त्याच्या आधी नाही, क्लॅम्पचे स्क्रू सोडा. दोन्ही स्क्रू आलटून पालटून.

इंजिनाच्या पायाला बांधलेला 6 मिमीचा लगामी दोर खालच्या माणसाच्या हातात राहतो. तो नसेल तर इंजिन गिरकी घेतं, कप्प्यांचे चारही दोर वेणीसारखे गुंफतात आणि उचल अर्ध्यावर अडते. शिवाय पायाच्या खालचा पातळ पंख रबरी नळीला सहज फाडतो. पाय नेहमी नळीपासून बाहेर, पाण्याच्या बाजूला धरा.

इंजिन नळीच्या वर आलं की मिनिटभर तसंच उभं थांबू द्या, आतलं खारं पाणी गळून जातं. मग कठड्याच्या उंचीला आणा. इथे नुसत्या कॅम क्लीटवर (दोर दातांत पकडणाऱ्या क्लीटवर) विसंबू नका. मीठ आणि वाळू बसली की त्याचे दात अडतात, आणि चुकून धक्का लागून दोर वर उचलला गेला तर तो सुटतो. खांबावर साधा शिंगांचा क्लीट दिला आहे, त्यावर आठाचे दोन फेरे घ्या. मग क्रेन आत फिरवा, इंजिन कठड्यावरच्या फळीवर बसवा, दोन्ही स्क्रू हातानेच घट्ट करा आणि त्यानंतरच दोर सैल सोडा. सुरक्षेचा दोर तसाच राहतो.

उतरवताना हाच क्रम उलटा. एकच भर: डिंगीवर स्क्रू आवळल्यावर दहा मिनिटं इंजिन चाललं की पुन्हा एकदा आवळा, कारण फळी दबते. आणि हवेचा स्क्रू उघडायला विसरू नका. तो बंद राहिला तर इंजिन चालू होतं, थोडं अंतर जातं आणि बंद पडतं, आणि माणसं प्लग काढून बसतात.

क्रेन नसेल तर

बूम (मुख्य शिडाच्या खालची आडवी काठी) वापरता येते. मुख्य शिडाचा हॅलियार्ड (शीड वर चढवायचा दोर) बूमच्या टोकाला लावून वजन त्याच्यावर घ्या, बूम वर धरणाऱ्या जुन्या बारीक दोरावर नको. कप्पीसंच हॅलियार्ड जिथे आहे त्याच जागी खाली लटकवा, नाहीतर बूम मध्येच वाकते. बूमला एक दोर पुढे आणि एक मागे असा दोन्हीकडून ताणून बांधा. असा ताण नसेल तर बोट हेलकावताच 30 किलोंचं इंजिन घेऊन बूम डेकवरून फिरते.

आडवं ठेवायचं असेल तर

फोर-स्ट्रोक इंजिन वाटेल त्या कुशीवर ठेवून चालत नाही. चुकीच्या कुशीवर ठेवलं तर तेल सिलिंडरमध्ये किंवा हवेच्या वाटेत शिरतं, मग चालू करताना धूर होतो किंवा दोरी ओढलीच जात नाही. कोणती कुस ते इंजिनाच्या पुस्तिकेत असतं आणि बऱ्याच इंजिनांवर स्टिकरही असतो. डोकं नेहमी पंख्यापेक्षा उंच ठेवा, नाहीतर पायात राहिलेलं खारं पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरकडे जातं. नेहमीसाठी मात्र इंजिन उभंच ठेवणं बरं.

पाण्यात पडलंच तर

लगेच वर काढा. इंजिन चालू असताना बुडालं असेल तर दोरी ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद अवस्थेत पडलं असेल तर आधी गोड्या पाण्याने पूर्ण धुवा, प्लग काढा, प्लगचं भोक खाली करून दोरी हळू ओढा म्हणजे पाणी बाहेर पडेल. कार्ब्युरेटर आणि टाकी रिकामी करा, तेल बदला, सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा आणि त्याच दिवशी इंजिन चालवा. मेकॅनिक दुसऱ्या दिवशीच मिळणार असेल तर इंजिन गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण खाऱ्या पाण्यातून काढून उघड्यावर ठेवलेलं इंजिन काही तासांत आतून गंजू लागतं. पिंपात हवा लागत नाही.

देखभाल

आपल्याकडचं ऊन आणि मीठ पट्ट्याच्या कापडाआधी त्याची शिवण खातं. दोरा पांढुरका झाला, नखाने ओढल्यावर तुटला, तर पट्टा बदला. पावसाळा संपून बोट पाण्यात जाण्याआधी क्रेन तपासून घ्या: 20 लिटरचे दोन भरलेले पाण्याचे कॅन, म्हणजे 40 किलोंच्या वर, टोकाला लटकवून हात पूर्ण फिरवा. वेल्डिंगजवळ केसाएवढी रेघ दिसली तरी क्रेन वापरू नका. ही चाचणी 30 किलोंपर्यंतच्या इंजिनासाठी आहे, 9.9 एचपी असेल तर तिसरा कॅन लावा.

स्क्रूंच्या आट्यांना महिन्यातून एकदा मरीन ग्रीस. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते दमट हवेतलं पाणी शोषतं. म्हणून आठवड्यापेक्षा जास्त दिवस इंजिन बंद राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. पावसाळ्यात इंजिन बोटीवर ठेवूच नका.

नवी क्रेन किंवा पट्टा मागवताना इंजिनाचं मॉडेल आणि वजन, कठड्याच्या नळीचा बाहेरचा व्यास, कठड्यापासून पाण्यापर्यंतची उंची, आणि मागच्या डेकखाली हात पोचतो का, एवढं कळवा. सोबत मागच्या बाजूचे दोन फोटो, एक डिंगीतून काढलेला आणि एक कॉकपिटमधून.