त्वचा-प्रतिमाने, प्रयोगशाळेतील (दाह-चाचणीसाठी)

मानवी त्वचेच्या पेशी वाढवून त्यांपासून उभारलेला, थरांची रचना असलेला ऊतकाचा तुकडा. सौंदर्यप्रसाधनातील एखादा घटक त्वचेचा दाह वाढवतो की शमवतो, हे त्यावर पाहतात. ताटलीत वाढवलेल्या पेशींच्या एकेरी थरावर फक्त विरघळणारे पदार्थ तपासता येतात. प्रतिमानाला वरून शृंगस्तर (मृत पेशींचा सर्वांत बाहेरचा थर) असल्यामुळे मलम, तेल किंवा पूड थेट लावता येते.

उगम : प्रारंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. जेम्स राइनवाल्ड व हॉवर्ड ग्रीन यांनी १९७५ मध्ये उंदराच्या ३टी३ पेशींच्या आधारथरावर मानवी केराटिनपेशी (बाह्यत्वचेच्या मुख्य पेशी) पुन्हापुन्हा वाढवून दाखवल्या, आणि बहुतेक लेखक तेथूनच सुरुवात करतात. यूजीन बेल व सहकाऱ्यांनी १९८१ च्या सुमारास कोलॅजन-जेलीत तंतुजनक पेशी (अंतस्त्वचेतील, कोलॅजन तयार करणाऱ्या) मिसळून त्यावर बाह्यत्वचा वाढवली. अंतस्त्वचेला (बाह्यत्वचेखालच्या थराला) महत्त्व देणारे हा आरंभ मानतात. प्रूनिएरास व सहकाऱ्यांनी १९८३ च्या सुमारास पेशींचा वरचा पृष्ठभाग हवेत उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. दाह-चाचणीपुरते पाहिल्यास हा तिसरा टप्पा अधिक निर्णायक ठरतो, कारण माध्यमात बुडालेल्या पेशींवर शृंगस्तर नीट तयार होत नाही. सशांच्या त्वचेवर पदार्थ लावून जळजळ पाहणाऱ्या ड्रेझ चाचणीची (१९४४) जागा प्रतिमानांनी घेतली ती बरीच नंतर. भारतात २०१४ पासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी आहे.

तयारी : सुमारे ०.४ मायक्रोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यावर केराटिनपेशी पेरून काही दिवस माध्यमात बुडवून ठेवतात. मग वरचे माध्यम काढून घेतात आणि ३७° से. तापमान व ५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड राखून साधारण १० ते १४ दिवस पोषण केवळ खालून देतात. पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकला, तर तेवढा भाग उपाशी राहून पातळ होतो. माध्यम काठावरून वर चढले, तर शृंगस्तर भिजून फुगतो. असे तुकडे चाचणीपूर्वीच बाजूला काढावे लागतात.

जळजळ-चाचणी : ओईसीडीची (आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची) ४३९ क्रमांकाची मार्गदर्शिका येथे प्रमाण मानतात. एपिडर्म व एपिस्किन ही तयार मिळणारी प्रतिमाने आहेत. एपिडर्ममध्ये ०.६३ चौ. सेंमी. पृष्ठभागावर ३० मायक्रोलिटर द्रव ६० मिनिटे ठेवतात, एपिस्किनमध्ये ०.३८ चौ. सेंमी.वर १० मायक्रोलिटर, १५ मिनिटे. धुतल्यावर ४२ तास उबवून तीन तास एमटीटी हे पिवळे रंजकद्रव्य देतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे फॉर्मॅझान करतात, ते आयसोप्रोपॅनॉलात काढून ५७० नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. जिवंतपणा नियंत्रण-ऊतकाच्या ५० टक्के किंवा कमी आला, तर पदार्थ जळजळकारक धरतात. तुलनेसाठी ५ टक्के सोडियम डोडेसिल सल्फेट वापरतात. दाह शमवण्याच्या दाव्यासाठी मात्र अशी सर्वमान्य मार्गदर्शिका नाही, आणि बहुतेक गोंधळ तेथेच होतो.

दाहमापन : ऊतकाखालच्या माध्यमातील इंटरल्यूकिन-१ अल्फा, इंटरल्यूकिन-८ व प्रोस्टाग्लँडिन ई२ हे दाहाचे संदेशवाहक रेणू एलायझाने (प्रतिपिंडांवर आधारित मापनपद्धतीने) मोजतात. पहिले केराटिनपेशीत आधीच साठवलेले असते आणि पेशी फुटली की बाहेर पडते. इंटरल्यूकिन-८ पेशीला नव्याने तयार करावे लागते. त्यामुळे घटक विषारी असेल, तर पेशी मरतात आणि इंटरल्यूकिन-८ घटते. केवळ तेवढाच आकडा पाहणाऱ्याला तो ‘दाहशामक’ वाटतो. जिवंतपणा शेजारी न मांडलेला दाहाचा आलेख वाचू नये. दुसरी चूक माध्यमातली : केराटिनपेशींच्या अनेक माध्यमांत हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड असते आणि ते स्वतःच दाह दाबते. म्हणून चाचणीआधी हायड्रोकॉर्टिसोनविरहित माध्यमावर ऊतक आणतात, मग टीएनएफ-अल्फा (दाह चेतवणारे प्रथिन), पॉली आय:सी (विषाणूच्या आरएनएसारखा कृत्रिम रेणू) किंवा अतिनील-बी किरणांनी दाह उठवतात आणि डेक्सामेथासोन या दाहशामक स्टेरॉइडशी तुलना करतात. सोरायसिससदृश अवस्थेसाठी इंटरल्यूकिन-१७ए व २२, तर अ‍ॅटोपिक त्वचारोगासाठी इंटरल्यूकिन-४ व १३ देतात. नंतरच्या जोडीने फिलॅग्रिन हे त्वचेचा अडथळा घडवणारे प्रथिन घटते.

नाशिकच्या संदर्भात : दिंडोरी-निफाड पट्ट्यातील द्राक्षांचा चोथा, म्हणजे वाइन गाळल्यावर उरणाऱ्या साली व बिया, हा प्रसाधनांसाठी अर्क काढण्याजोगा कच्चा माल आहे, आणि नेमका तोच या चाचणीला अवघड जातो. लाल द्राक्षांच्या सालीतील अँथोसायनिन स्वतः तांबडे-जांभळे असते आणि त्याची छटा फॉर्मॅझानच्या मापनात मिसळू शकते. पॉलिफेनॉल तर पेशींविनाही एमटीटीचे क्षपण करतात, म्हणजे तोच जांभळा रंग आणतात. यासाठी अर्क थेट एमटीटीच्या द्रावणात टाकून रंग येतो का ते आधी पाहावे; आल्यास गोठवून मारलेल्या ऊतकावर तोच अर्क लावून मिळणारा आकडा वजा करावा, आणि रंगासाठी एमटीटीविना जिवंत ऊतक ठेवावे. बियांतील टॅनिन प्रथिनांना चिकटते, म्हणून माध्यमात ठरावीक इंटरल्यूकिन-८ मुद्दाम घालून ते एलायझात पूर्ण परत मिळते का हेही तपासतात. न मिळाल्यास घट दाहातली नसून मापनातली असते. हंगामागणिक चोथ्याची घडण बदलते, त्यामुळे एका वर्षीच्या अर्काचा निकाल दुसऱ्या वर्षीच्या अर्काला लावता येत नाही.

मर्यादा : साध्या प्रतिमानात रक्तवाहिन्या, मास्ट पेशी व टी पेशी (दोन्ही रोगप्रतिकारक पेशी) नसतात. त्याचा अडथळा खऱ्या त्वचेपेक्षा विरळ असल्याने घटक जास्त झिरपतो. रंगद्रव्यपेशी घातलेली प्रतिमानेही आहेत.